व्हिक्टोरियन चांदीचे काटे-चमचे: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी बर्मिंगहॅमजवळ राहते, मूळची साताऱ्याची, आणि जुन्या चांदीचे काटे-चमचे गोळा करायचा नाद मला इथं आल्यावर लागला. घरी कोणी जेवायला आलं की हातातला काटा उलटा करून बघतात आणि प्रश्न सुरू होतात. भारतातून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतात ते वेगळेच, "ताई हे खरं आहे का बघ ना", "मावशी याचे किती येतील". दर वेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथं लिहून टाकते. मी सराफ नाही, विकतही नाही, फक्त घेते आणि त्याने जेवते. आणि माझं एक मत आधीच सांगून ठेवते कारण ते मध्ये मध्ये येत राहणार आहे: बारा जणांच्या पूर्ण सेटच्या मागे लागू नका, सहा काटे घ्या आणि रोज वापरा.

व्हिक्टोरियन म्हणजे नक्की कधीचे?

राणी व्हिक्टोरिया गादीवर होती तो काळ, १८३७ ते १९०१. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला डबीतून राणीछाप रुपया निघतो ना, तीच राणी. तिच्या आधीचं ते जॉर्जियन, नंतरचं एडवर्डियन. विकणारे मात्र जरा नक्षी दिसली की सरसकट व्हिक्टोरियन म्हणून मोकळे होतात. आणि "व्हिक्टोरियन स्टाइल" असं लिहिलेलं दिसलं तर समजून जा, ते व्हिक्टोरियन नाहीये.

एका माणसाला एवढे काटे-चमचे लागायचे कशाला?

हा माझा आवडता प्रश्न. आधी इंग्लंडात मोठ्या घरी जेवण म्हणजे सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडायचे आणि ज्याच्या हाताला जे येईल ते त्याने घ्यायचं, उरलेलं "जरा तिकडचं इकडे द्या हो" करून. व्हिक्टोरियाच्या काळात हळूहळू रशियन पद्धत आली, म्हणजे नोकर येणार, एका वेळी एकच पदार्थ वाढणार, तो संपला की प्लेट उचलणार आणि दुसरा आणणार. आपल्या पंगतीत वाढपी फिरतात तसंच पण पान दर वेळी नवीन. टेबलाचा मधला भाग रिकामा झाला, तिथं फुलं आणि मेणबत्त्या आल्या, आणि प्रत्येक पदार्थाला वेगळं हत्यार मांडायची फॅशन सुरू झाली. त्यात शेफिल्ड आणि बर्मिंगहॅममध्ये मशीनवर भराभर काटे-चमचे निघायला लागले होते, नव्याने पैसा आलेले गिरणीवाले, व्यापारी लोक ते घेतही होते, मग काय विचारता.

माशाची सुरी-काटा हे त्या काळाचंच अपत्य. तेव्हाच्या साध्या पोलादी पात्याला मासा आणि लिंबू लागलं की पातं डागाळायचं आणि माशाला लोखंडाची चव यायची, म्हणून पातंच चांदीचं. जुनी खानदानी मंडळी याला नाकं मुरडायची, ते दोन काट्यांनी किंवा काटा आणि पावाच्या तुकड्याने मासा खायचे, माशाची सुरी म्हणजे काल श्रीमंत झालेल्यांचं लक्षण. मग द्राक्षाचा घोस कापायची कात्री आहे, अस्परागसचा चिमटा आहे, हाडातला मगज काढायची लांब अरुंद पळी आहे (आपण नळी ताटावर ठोकून चोखतो, काम तेच), मिठाचा इवलासा चमचा आहे. मिठाच्या आणि अंड्याच्या चमच्याला आतून सोन्याचं पाणी दिलेलं असतं, ते नुसतं मिरवायला नाही. मीठ चांदीला खातं आणि अंड्यातल्या गंधकाने चांदी लगेच काळी पडते, सोन्याला दोन्हीचं काही होत नाही.

खरी चांदी आहे की नुसतं पाणी चढवलंय, कसं ओळखायचं?

दहा पटीचं भिंग घ्या. मोबाईलचा कॅमेरा झूम करूनही चालतं पण भिंग बरं. काटा उलटा करा, दांडीच्या मागच्या बाजूला वरच्या टोकाकडे बघा, तिथं ओळीने चार-पाच बारीक ठसे असतात.

आत्ता माझ्यासमोर आहे तोच काटा सांगते. पहिला ठसा, एक पंजा उचलून चालणारा सिंह. हा सगळ्यात महत्त्वाचा, याचा अर्थ स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं, कारण शुद्ध चांदी मऊ असते आणि तिचा काटा बटाट्यातसुद्धा वाकेल. (राणीछाप रुपया साधारण ९१.७ टक्के असतो, म्हणजे हा काटा त्याच्यापेक्षा कणभर सरसच.) दुसरा ठसा बिबट्याचं तोंड, म्हणजे लंडनला तपासला. तिसरा जुन्या गॉथिक वळणाचं छोटं एम, हे वर्षाचं अक्षर, दर वर्षी बदलायचं, लंडनचं हे एम म्हणजे १८६७. चौथं डावीकडे बघणारं राणीचं डोकं, चांदीवरचा कर भरल्याची ही पावती. हे डोकं मारायची पद्धत १७८४ ला सुरू झाली आणि १८९० ला कर गेला तशी बंद पडली, त्यामुळे १८९५ च्या काट्यावर राणी नसली म्हणून घाबरू नका. पाचवा ठसा कारागिराचा, जी आणि ए, म्हणजे जॉर्ज अ‍ॅडम्स, चॉनर अँड कंपनीचा. काट्या-चमच्यांत हे नाव फार मोठं, दिसलं की मी भाव न करता घेते आणि मग पस्तावते.

गावाचे ठसे वेगवेगळे. शेफिल्डचा मुकुट, एडिंबराचा किल्ला, ग्लासगोचं झाड त्यात मासा आणि घंटा, डब्लिनची वीणेसारखी हार्प. बर्मिंगहॅमचा नांगर, म्हणजे जहाजाचा, शेतीचा नाही. समुद्राचा पत्ता नसलेल्या गावाला नांगर का, तर शेफिल्ड आणि बर्मिंगहॅमने १७७३ मध्ये स्वतःची चांदी तपासायची ऑफिसं मिळवली तेव्हा त्यांची माणसं लंडनमध्ये क्राउन अँड अँकर नावाच्या खानावळीत जमायची, त्यातला मुकुट एकाने घेतला आणि नांगर दुसऱ्याने, अशी गोष्ट इथं सगळेच सांगतात.

एक लक्षात ठेवा, वर्षाचं अक्षर गावागणिक वेगळं. लंडनचं एम आणि शेफिल्डचं एम एकाच वर्षाचं नाही. आधी गाव ओळखायचं, मग त्या गावाच्या तक्त्यात अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार जुळवायचा. तक्ते नेटवर फुकट मिळतात.

ठसे आहेत पण सिंह नाही, मग?

मग इंग्लंडचा माल असेल तर बहुतेक ई.पी.एन.एस., म्हणजे इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर, दुसऱ्या धातूवर चांदीचं पाणी चढवलेलं. ही चार अक्षरं कधीकधी मुद्दाम चार वेगळ्या चौकटींत, गॉथिक वळणात मारलेली असतात, लांबून हुबेहूब हॉलमार्क वाटावा म्हणून. मी स्वतः फसलेय. ऑनलाइन लिलावात "जुनी चांदी, ठसे स्पष्ट" असं लिहिलेलं, फोटो धूसर, रात्री साडेअकरा वाजता उत्साहात बोली लावली. पार्सल आलं, भिंग लावलं, तर ई, पी, एन, एस. विकणाऱ्याने "चांदी" लिहिलं होतं, "स्टर्लिंग" कुठेच लिहिलं नव्हतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. तेव्हापासून सिंहाचा फोटो आल्याशिवाय मी बोली लावत नाही.

लोहचुंबक लावून बघू नका, त्याने काही कळत नाही, चांदीही चिकटत नाही आणि पाणी चढवलेल्याच्या आतला धातूही सहसा चिकटत नाही. त्यापेक्षा चमच्याचा खालचा फुगीर भाग बघा, टेबलावर टेकतो तो, आणि काट्याच्या दातांची टोकं. मुलामा असेल तर तिथं आधी झिजतो आणि आतून पिवळट करडा रंग दिसायला लागतो.

ई.पी.एन.एस. म्हणजे टाकाऊ का?

अजिबात नाही. वीज वापरून चांदीचा थर चढवायची पद्धत एल्किंग्टन कंपनीने १८४० मध्ये पेटंट करून घेतली, इथंच बर्मिंगहॅमला, आणि त्यामुळे मास्तर, कारकून यांच्या टेबलावरही चांदीसारखं काहीतरी आलं. आतला धातू निकेल सिल्व्हर, ज्यात सिल्व्हर औषधालाही नाही, तांबं, निकेल आणि जस्त. त्यालाच जर्मन सिल्व्हर म्हणायचे. आपल्याकडे आज्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला "जर्मनचं पातेलं" म्हणतात तो वेगळा धातू, घोळ करू नका.

वापरायला हे छान, स्वस्त, कोणी चमचा हरवला तरी जीव जात नाही. फक्त चांदीच्या भावाने घेऊ नका आणि सराफाकडे मोडीत न्यायचं मनात आणू नका, तो हसेल.

पूर्ण सेट मिळतो का? आणि एकाच वर्षाचा?

मिळतो, पैसे मोजायची तयारी असेल तर. एकाच कारागिराचा, एकाच वर्षाचा, एकाच घराण्याची खूण असलेला सेट असेल तर त्याला इथं स्ट्रेट सेट म्हणतात आणि त्याची किंमत चढी असते. बाकी बाजारात दिसतात ते जुळवलेले, पॅटर्न एक पण वर्षं आणि कारागीर वेगवेगळे. खरं सांगायचं तर त्या काळीही लोक एकदम सगळं घ्यायचे असं नाही. लग्नात काही यायचं, मग सासूचे काही, मग हरवले म्हणून चार नवीन करून घेतले. आपल्या घरातली चांदीची भांडी बघा ना, वाटी एकीच्या डोहाळजेवणाची, पेला दुसऱ्याच्या मुंजीचा, ताट आणखी कुणाचं तरी. कोणी म्हणतं का की सेट जुळत नाही म्हणून?

माझे सहा मोठे काटे चार वेगवेगळ्या वर्षांचे आहेत, १८४५ पासून १८८१ पर्यंत, आणि टेबलावर ठेवले की कुणाला कळत नाही. भिंग लावून जेवायला बसणारा पाहुणा अजून आलेला नाही. नाही म्हणायला माझा एक दीर आहे.

सेटमध्ये सुऱ्या का नसतात?

कारण त्या टिकल्याच नाहीत. काटा-चमचा अख्खा चांदीचा असतो, सुरी तशी नसते. मूठ चांदीच्या पातळ पत्र्याची, आतून पोकळ, त्यात राळेसारखा मसाला भरलेला, आणि पातं साध्या पोलादाचं. ते पातं गंजायचं, घासून घासून झिजायचं, मग पूर्ण सुरीच फेकून द्यायचे. न गंजणारं स्टील शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये काढलं, म्हणजे राणी जाऊन बारा वर्षांनी. त्यामुळे व्हिक्टोरियन मुठीवर चकचकीत स्टेनलेसचं पातं दिसलं तर पातं नंतर बदललेलं आहे. जेवायला उलट ते बरंच, फक्त विकणाऱ्याने तसं सांगायला हवं.

त्या मुठी गरम पाण्यात बुडवू नका, हात जोडून सांगते. मी पहिल्या वर्षी पाहुणे गेल्यावर चार सुऱ्या सिंकमध्ये कढत पाण्यात टाकून टीव्ही बघत बसले. परत आले तर एक पातं बाहेर आलेलं, मुठीतून तपकिरी चिकट काहीतरी ओघळतंय आणि सगळ्या सिंकला धुपासारखा वास. दुरुस्त करणारा मिळतो पण सुरीपेक्षा मजुरी जास्त.

कुठला पॅटर्न घ्यावा?

हा आवडीचा प्रश्न आहे. फिडल म्हणजे दांडीचं टोक व्हायोलिनसारखं रुंद, साधं, त्या काळात सगळ्यात जास्त खपलेलं, म्हणून आजही सहज सापडतं आणि तुटलं-हरवलं तर जोडी मिळते. ओल्ड इंग्लिश आणखी साधा, टोक गोल आणि खाली वळलेलं. किंग्ज पॅटर्न म्हणजे शिंपले, वेलबुट्टी, दोन्ही बाजूंनी भरगच्च, आणि हातात घेतला की वजन कळतं. बाकी क्वीन्स आहे, बीड आहे, अल्बर्ट आहे, लिली आहे, यादी संपत नाही. मी फिडलवाली. किंग्ज लग्नाच्या शालूसारखा आहे, बघायला भारी पण रोज कोण नेसणार, आणि त्या नक्षीच्या खाचांत पिठलं अडकतं ते वेगळंच.

घेताना काय काय तपासायचं?

काट्याचे दात आधी. चारही सारखे लांब आहेत का बघा. दीडशे वर्षं प्लेटवर घासून टोकं झिजतात, मग कोणीतरी चारही कापून सारखे करतो आणि काटा आखूड, बोथट दिसायला लागतो. दुसऱ्या चांगल्या काट्याशेजारी धरला की लगेच कळतं. चमच्याचंही तसंच, उजव्या हाताने खाणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या डावी कड घासून चमच्याचं टोक एका बाजूला उतरतं केलेलं असतं, ते थोडं असेल तर मला आवडतं उलट.

मग दांडीवर जिथं घराण्याची खूण कोरतात तिथं जोरात श्वास सोडा, आरशावर सोडतो तसा. पूर्वीचं नाव खरवडून काढलं असेल तर वाफेत पुसट रेषा दिसतात, आणि अंगठा-बोटाच्या चिमटीत ती जागा पातळ लागते. खरवडलेलं मी घेत नाही.

आणि एक लबाडी. चमचे ढीगभर मिळतात, काटे कमी, म्हणून जुन्या चमच्याचं पसरट तोंड कापून त्याला दात पाडून काटा केलेला सापडतो. हॉलमार्क असलेल्या चांदीत परत तपासणी न करता असा बदल करून विकणं ब्रिटनमध्ये बेकायदेशीर आहे. ओळखायचं कसं, तर दात पातळ आणि खांदे विचित्र दिसतात, आणि वजन कमी भरतं.

त्यावर दुसऱ्याच कुणाची अक्षरं कोरलेली असतात, ते चालतं का?

मला चालतं. आपल्याकडे भांड्यावर "चि. सौ. कां. अमुक हिस आत्याकडून" असं टिंबांनी कोरलेलं असतं ना, तेच हे, फक्त इथं सिंहाचं तोंड नाहीतर भाला धरलेली मूठ असते. माझ्या चहाच्या सहा चमच्यांवर टी आहे. आमच्यात कुणाचंच नाव त्यावरून नाही, सासूबाई म्हणाल्या टी म्हणजे टीस्पून असेल, आणि आम्ही ते तसंच मान्य केलंय.

पांढरी मूठ आहे, हस्तिदंत असेल का?

असू शकतो, आणि तिथं खरंच सावध राहा. त्या काळी जेवणाच्या सुऱ्यांना हस्तिदंती मुठी सर्रास असायच्या, हाडाच्या असायच्या, आणि शतक संपत आलं तसं सेल्युलॉइडच्याही. हाडात बारीक काळे ठिपके किंवा रेघोट्या दिसतात, हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी. भारतात हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. ब्रिटनमध्येही २०१८ चा आयव्हरी अ‍ॅक्ट जून २०२२ पासून लागू झालाय, थोड्या सवलती आहेत पण त्यासाठी नोंदणी वगैरे करावी लागते. एका देशातून दुसऱ्यात न्यायचं तर आणखी परवाने. मी सरळ चांदीची मूठ घेते किंवा घेतच नाही. हाडाची मूठ शाकाहारी घरात चालेल का ते ज्याचं त्याने ठरवावं, पण भेट देणार असाल तर विचारून द्या.

किती किंमत योग्य?

आकडा मी सांगत नाही, चांदीचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक. पण हिशेब सांगते. समजा बारा मोठे काटे मिळून १ किलो भरले, तर त्यात शुद्ध चांदी ९२५ ग्रॅम, त्या दिवसाच्या भावाने गुणा, ही झाली मोडीची किंमत, याच्या खाली प्रामाणिक माणूस विकणार नाही. इथं वजन ट्रॉय औंसात सांगतात, एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, आणि आपला जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. सुऱ्या या वजनात धरायच्या नाहीत, आत राळ आणि पोलाद आहे. मोडीच्या वर तुम्ही जे देता ते कारागीर, पॅटर्न, अवस्था आणि जुळणी याचे. साध्या फिडलच्या सुट्या काट्यांना फार वरचे पैसे देऊ नका.

गंमत म्हणजे चांदी महागली की जुने सेट आणखी दुर्मिळ होतात. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेली तेव्हा लोकांनी आजीचे सेट पोत्यात भरून वितळवायला दिले. परत ते थोडेच येणारेत.

आपला सराफ तपासून देईल का?

टंच नक्की काढून देईल, कसोटीवर घासून किंवा मशीनवर. पण घासायला देऊ नका, मशीनच बरं, आणि "पॉलिश करून देतो" म्हणाला तर नको म्हणा. त्याचं पॉलिश म्हणजे फिरत्या बफवर धरणं, दोन मिनिटांत दीडशे वर्षांचा ठसा गुळगुळीत होतो. तो वजनाकडे बघतो, त्याचा धंदाच तो आहे, त्याचा दोष नाही.

मिळतात कुठे?

इथं लंडनला चान्सरी लेनच्या तळघरात सिल्व्हर व्हॉल्ट्स म्हणून दुकानांची रांगच आहे, तिथं बघायला जा, शिकायला मिळतं, भाव त्याच जागेला शोभतील असे. शनिवारी पोर्टोबेलो रोड. छोट्या गावांतले लिलाव सगळ्यात बरे. चांगलं काय असतं हे डोळ्यांना कळायला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची चांदीची दालनं, फुकट आहेत. मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर काटे-चमचे दिसतात, पण मी बघितलेले बहुतेक मुलाम्याचे होते, जुन्या हॉटेलांचे, क्लबांचे, बोटींचे. ते वाईट नाहीत, भिंग मात्र खिशात असू द्या.

भारतात नेता येतात का? आणि भारतातून बाहेर?

आत नेताना बिल जवळ ठेवा, कस्टमला लपवू नका, त्या वेळचे नियम आधी वाचा कारण ते बदलत असतात. सुऱ्या आणि काटे चेक-इन बॅगेत, हँडबॅगेत नाही. बाहेर काढणं मात्र अवघड. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे पणजोबांना साहेबाने दिलेले चमचे लेकीला अमेरिकेत पाठवायचे असतील तर आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा. आणि नीट विचार करा, इथून हौसेने तिकडे नेलेला सेट पुन्हा परत आणता येईलच असं नाही.

काळे पडतात, काय लावू?

हवेतल्या गंधकाने पडतात, आणि आपल्या स्वयंपाकघरात गंधक भरपूर, कांदा, लसूण, हिंग, मोहरी, अंडी. रोज वापरलेली चांदी कमी काळी पडते कारण ती रोज धुतली-पुसली जाते, हे मी अनुभवाने सांगते. कपाटातला सेट वर्षाने काढला तर कोळशासारखा निघतो.

साधा भांड्यांचा पातळ साबण, कोमट पाणी, मऊ फडकं, आणि लगेच कोरडं. जुनी सुती साडी किंवा धोतर यापेक्षा चांगलं काही नाही. अगदीच काळं झालं तर चांदीचं क्रीम, वर्षातून एक-दोनदा, ठसे सोडून. पितळेची पावडर नको, राख नको, रांगोळी नको, टूथपेस्ट नको (हे सगळ्यांना कोण सांगतं काय माहीत), हिरवी घासणी तर समोरही आणू नका. अ‍ॅल्युमिनियम फॉइल, सोडा आणि गरम पाण्याचा व्हिडिओ मला आठवड्याला एकदा येतो. होतं ते, काळेपणा जातो खरा, पण नक्षीच्या खाचांतली काळी छटाही जाते, तीच तर नक्षी उठून दाखवते. चांदी एकदम निर्जीव पांढरी दिसते. आणि पोकळ मुठीच्या सुऱ्या त्यात टाकल्या तर वर सांगितलेला धूप.

डिशवॉशर?

नाही.

ठेवायचे कसे?

कोरडे करून, मऊ सुती किंवा आम्लमुक्त कागदात. रबरबँड कधीच नको, रबरात गंधक असतं, चमच्याच्या दांडीवर काळा पट्टा उमटतो तो सहज जात नाही. लोकर, वर्तमानपत्र नको. कोकणात-मुंबईत पावसाळ्यात खणात दोन खडू टाकून ठेवा, ओल धरतात. मूळ लाकडी पेटी मिळाली तर घ्या, पण आतलं जुनं मखमल कुबट वास मारत असेल तर पेटी शोभेला आणि चमचे बाहेर.

कुणाकुणाच्या तोंडात गेलेले चमचे, घरातले मोठे चालवून घेतात का?

मला वाटलं होतं आत्या इथं आल्यावर हात लावणार नाही. तिने चमचा उजेडात धरला, बोटावर तोलला, म्हणाली, "चांदीला कसलं उष्टं आलंय, चिंच लाव आणि आण इकडे." चिंच मी लावली नाही, साबणाने धुऊन दिला, तिला सांगितलंही नाही.

आपल्या जेवणाला हे काटे-चमचे चालतात का?

भाकरी-पिठलं हातानेच. पण वरणभाताला व्हिक्टोरियन डेझर्टस्पून अगदी बरोबर मापाचा आहे, मोठा टेबलस्पून आपल्याला फार मोठा पडतो, तो भाजी वाढायला घ्या. त्या काळी सूपही त्याच मोठ्या चमच्याने प्यायचे, गोल वाटीचा सूपचा चमचा बराच उशिरा आला. सॉसची छोटी पळी साजूक तुपाला. माशाची सुरी तळलेल्या पापलेटाला, काटा सोडवायला तिच्यासारखं काही नाही. लोणच्याच्या बरणीत मात्र चांदीचा चमचा ठेवून विसरू नका, मिठाने बारीक खड्डे पडतात आणि ते पॉलिशने जात नाहीत.

पाडव्याला श्रीखंडाला ते टीवाले सहा चमचे काढले होते. रात्री मोजले तर पाचच. कचऱ्याची पिशवी दोनदा उपसली, पाहुण्यांना फोन करायचा की नाही यावर नवऱ्याशी वाद झाला, दिराकडे संशयाने बघून झालं. तिसऱ्या दिवशी मुलाच्या शाळेच्या डब्यात सापडला, दह्याच्या रिकाम्या वाटीखाली.